दुसरा तुकडा

हृदयाच्या शस्त्रक्रियेत दोन जाती असतात, छातीवाले आणि पायवाले. छातीवाल्यांचे फोटो हॉस्पिटलच्या भिंतीवर लागतात. पायवाल्यांना जेवायला उशीर होतो. ताई बावीस वर्षं पायवाली होती.

तिचं काम सांगायला सोपं. हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या की त्यांना वळसा घालून नवा रस्ता काढावा लागतो, आणि त्या रस्त्याचा माल रोग्याच्याच पायातून आणावा लागतो. घोट्याच्या पुढून निघून मांडीच्या आतल्या अंगाने जांघेपर्यंत जाणारी एक लांब नस असते. ती काढून घेतली तरी पायाचं फारसं अडत नाही. पहिली अठरा वर्षं ताईने ती घोट्यापासून जांघेपर्यंत चीर देऊन काढली. मग दुर्बीण आली. गुडघ्याशी दोन बोटं मावतील एवढी चीर, तीतून दुर्बीण आत, वायू सोडून नसेभोवती बोगदा फुगवायचा, आणि पडद्यावर बघत नसेच्या बारीक फांद्या एकेक करून तोडायच्या. रोगी खूश, कारण व्रण छोटा. हॉस्पिटल खूश, कारण माहितीपत्रकावर छापायला चित्र मिळालं. ताईची मान तेवढी दुखायला लागली.

या नसेत झडपा असतात. त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, घोट्याकडून वर. म्हणून हृदयावर बसवताना नस फिरवून बसवतात: घोट्याचं टोक वर महाधमनीला, जांघेचं टोक खाली हृदयाला. फिरवली नाही तर झडपा मिटतात आणि रस्ता बंद. चूक होऊ नये म्हणून ताई घोट्याच्या टोकात एक छोटी नळी बांधून ठेवी. नळी दिसली की ते वरचं टोक. लहान मुलालाही कळेल अशी सोय, पण ती एका तुकड्यापुरती. नस मधोमध कापून दोन रस्ते करायचे झाले की दुसऱ्या तुकड्याला नळी राहत नाही. तो हातात धरणाऱ्याने लक्षात ठेवायचा असतो.

धरणारे हात मोठ्या सरांचे. ते ताईला 'माझा उजवा हात' म्हणत; ती उभी असे रोग्याच्या डाव्या पायाशी, पण ते सोडा. तिच्या मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी तीन फोन केले होते. नवऱ्याच्या हर्नियाच्या वेळी स्वतः उभे राहिले होते. सासूबाई त्यांना देवमाणूस म्हणत, आणि सासूबाई सहसा माणसांना माणूससुद्धा म्हणत नसत.

त्या मंगळवारी टेबलावर लिफ्ट दुरुस्त करणारा एक पन्नाशीचा गृहस्थ होता. नस चांगली निघाली. एका ठिकाणी फांदी अगदी मुळाशी फाटली, तिथे ताईने केसाहून बारीक निळ्या दोऱ्याने आठच्या आकड्यासारखा टाका घातला. दोरा कापताना कात्री जरा घसरली आणि एक शेपूट अंमळ लांब राहिलं. तिला ते खटकलं. पण टाका पक्का होता, पुन्हा घालण्यात अर्थ नव्हता.

मोठ्या सरांनी नस घेतली, मधोमध कापली, टाका असलेला दुसरा तुकडा ओल्या फडक्यावर ठेवला. तेवढ्यात सिस्टरने त्यांच्या कानाशी फोन धरला. दुपारी त्यांचं भाषण होतं, विषय 'शस्त्रक्रियेतील सावधानता', आणि आयोजकांना व्यासपीठावर किती खुर्च्या ठेवायच्या ते विचारायचं होतं. "पाच," सर म्हणाले, आणि तुकडा उचलला.

"सर, तो उलटा गेला," ताई म्हणाली.

"तू पाय बघ."

रागाने नाही. माशी हाकलावी तसं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तुकडा शिवण्याआधी त्यातून पाणी सोडून बघायचं असतं, तेही त्या दिवशी राहिलं. खुर्च्यांचं नक्की झालं होतं.

लिफ्टवाला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला. घरच्यांनी शवविच्छेदन नको म्हटलं. आठ दिवसांनी ताईला मृत्यूच्या कारणाच्या टिपणाची प्रत मिळाली: 'नस काढताना अथवा धुताना अवाजवी दाब दिला गेल्याने तिच्या आतील थरास इजा झाली असावी.' खाली मोठ्या सरांची ऐसपैस सही. चौकशी समिती नेमली होती. दोषी ठरली तर ताईला पुन्हा कुणाच्या पायाला हात लावता येणार नव्हता, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं.

"सरळ विचार ना त्यांना," रात्री जेवताना नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्या मते सगळ्या गोष्टी नकाशावर असतात.

"विचारलं. म्हणाले, मी आहे ना, काळजी करू नकोस."

"मग झालं तर."

"ते असतात म्हणूनच काळजी आहे," ताई म्हणाली. सासूबाईंनी वाढायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या ताटात आणखी थोडा भात घातला.

त्यानंतर सोळाव्या दिवशी गणिताच्या एक बाई आल्या. वय अठ्ठावन्न, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट नाही. आदल्या दिवशी ताईने त्यांच्या पायाची सोनोग्राफी केली, नसेच्या रेघेवर पेनने खुणा केल्या. नस सरळ, जाडी हवी तेवढी. पायावर कसलाही व्रण नव्हता.

"दुखेल का हो?" बाईंनी विचारलं.

"छातीपेक्षा पायच जास्त बोलतो नंतर. पण तुम्हाला आरडाओरड्याची सवय असेल."

"सातवी क," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली. पडद्यावर गुलाबी बोगदा, चरबीचे पिवळे गोळे, मधून जाणारी पांढुरकी नस. रोजचाच देखावा. ताई गुडघ्याच्या वर सरकत गेली. मांडीच्या मध्यावर तिचा हात थांबला.

नसेवर निळा टाका होता. आठच्या आकड्यासारखा. एक शेपूट अंमळ लांब.

तिने काच पुसून घेतली. टाका तिथेच होता. न उघडलेल्या पायात, आत.

"ताई, झोप लागली काय?" कोपऱ्यातून पंपवाले म्हणाले. हृदय थांबवल्यावर रक्त फिरवणारं यंत्र ते सांभाळायचे, आणि गमतीला म्हणायचे की माझं काम माणसाचं हृदय बंद पडल्यावर सुरू होतं, आमच्या घरीही तसंच आहे.

"नाही. चाललंय."

नस बाहेर काढून तिने घोट्याच्या टोकात नळी बांधली आणि नेहमीसारखं पाणी सोडलं. पाणी जाईना. सिरिंजचा दट्ट्या परत येऊ लागला. तिने दाब दिला नाही. दाब या शब्दाचीच तिला आता धास्ती होती. मग जांघेच्या टोकातून सोडलं, तर सरळ गेलं, घोट्याकडून धार लागली. झडपा खालच्या दिशेला उघडत होत्या. अशी नस घेऊन कुणी दोन पावलं चालणार नाही. पाय फुटबॉलसारखा सुजेल. बाई रोज तीन मजले चढत होत्या.

ताईने वाडगा मोठ्या सरांपुढे धरला. "सर, जरा बघता?"

त्यांनी भिंगाच्या चष्म्यातून पाहिलं. बराच वेळ.

"फांदी आहे," ते म्हणाले.

"टाका आहे, सर."

"आधीचं ऑपरेशन असेल काहीतरी."

"पायाला व्रण नाही."

सरांनी हात पुढे केला. नस उचलली. त्यांनी नळी बघितली, ती वरच्या टोकाची खूण, आणि मग, कुणी काही सांगितलेलं नसताना, नस फिरवून नळीचं टोक खाली घेतलं. पाणी सोडून पाहिलं. गेलं. त्यांनी शिवायला सुरुवात केली.

ताईने झडपांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

गणिताच्या बाई सातव्या दिवशी चालत घरी गेल्या. उरलेला बोटभर तुकडा, ज्यात टाका होता, तो ताईने डबीत औषधी पाण्यात बुडवला, झाकण सील करून त्यावर सही केली, तपासणीला पाठवला. दुर्बिणीतून दिसलेलं चित्र जपून ठेवलेलं नव्हतं. यंत्राबरोबर ती सोय वेगळी घ्यावी लागते आणि तो विषय खरेदी समितीच्या विचाराधीन होता. चार दिवसांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं: 'डबीत नमुना आढळला नाही. कृपया नमुना पाठवावा.' सोबत डबी. सील तिचंच, न फोडता काचेतून बघून पाठवलेलं. आत स्वच्छ पाणी.

पुढच्या आठवड्यात एक न्हावी आला. त्याच्याही मांडीत तोच टाका, तेच शेपूट. या वेळी ताईने सरांना बोलावलं नाही. नुसती वाडग्यात नस ठेवली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. सरांनी पुन्हा न विचारता ती फिरवून घेतली. मास्कच्या वर त्यांच्या कपाळाला घाम आला होता. सिस्टरने टिपला.

समिती बसली ती गुरुवारी. तीन सदस्य, बिस्किटांची बशी, खिडकीत कोमेजलेलं एक झाड. ताईने जे झालं ते सांगितलं: तुकडा, फोन, पाच खुर्च्या. टाक्याबद्दल बोलली नाही. वेडी ठरवून घ्यायला ती आलेली नव्हती. मग मोठ्या सरांना विचारलं.

"ताई उत्तम काम करतात," ते म्हणाले. आज पहिल्यांदाच 'करतात'. "पण दुर्बीण त्या उशिरा शिकल्या. हाताला जुनी सवय असते. मी त्यांना दोष देत नाही."

दोष कुणी दिला नाही. दिली ती बदली, निर्जंतुकीकरण विभागात. तळघरातल्या या विभागाला सगळे भट्टी म्हणत. तिथे ताई चिमटे मोजायची, कात्र्या धुवायची, वाफेच्या यंत्राचं दार लावायची. जेवायला वेळेवर मिळू लागलं.

"तुझा तो देवमाणूस," सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "दिसायला अगदी माणसासारखा होता हो."

पाचव्या आठवड्यात मोठे सर भट्टीत आले. स्वतः. स्टुलावर बसले. चेहरा राखेसारखा.

"तीन वाहिन्या बंद आहेत माझ्या," ते म्हणाले. "सोमवारी करायचंय. धाकटे सर करतील."

"तुमच्याच हाताखाली शिकलेत. चांगले आहेत ते."

"पाय तू घे."

ताई कात्र्या पुसत राहिली. "मला बंदी आहे, सर. हाताला जुनी सवय आहे."

"मी सांगितलंय वर. दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाय देणार नाही." मग म्हणाले, "लिफ्टवाल्याचा तो तुकडा मीच उलटा लावला होता. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. बाहेर आलो की लिहून देतो. सहीनिशी."

"आत्ता द्या. कागद आहे इथे."

"आत्ता हात थरथरतोय गं."

वाफेचं यंत्र सुस्कारा टाकून थांबलं. सर दाराकडे बघत होते. मग अगदी हळू, पोरानं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "माझ्या पायात नसेल ना ती?"

"कोणती?"

"तुला माहितीये कोणती."

"उघडल्याशिवाय कसं सांगू?" ताई म्हणाली.

रविवारी तिने त्यांच्या दोन्ही पायांची सोनोग्राफी केली. दोन्ही नसा सरळ, स्वच्छ. खुणा करताना पेन त्यांच्या कातडीवर किंचित घसरत होतं. पाय थंडगार होते. "लिहून देईन," ते पुन्हा म्हणाले. ताईने मान हलवली. तिचं नाव आता या माणसाच्या छातीत होतं, आणि तो जगला तरच ते बाहेर येणार होतं. जगवायचं तर नस तिलाच द्यावी लागणार होती.

सोमवार, सकाळी सव्वानऊ. डावा पाय. दुर्बीण आत. बोगदा, चरबी, नस.

मांडीच्या मध्यावर निळा टाका.

"ताई, कसं आहे?" धाकट्या सरांनी छातीवरून विचारलं.

"उजवा पण बघते जरा."

"डावी खराब आहे?"

"बघते."

उजवा पाय. मांडीचा मध्य. तोच टाका. तेच शेपूट.

ती दुर्बीण धरून उभी राहिली. मान दुखत होती. दुखणं खरं होतं, त्याचाच तिला आधार वाटला.

"ताई, आम्ही तयार आहोत," पंपवाले म्हणाले. आज गंमत केली नाही त्यांनी.

तिने डाव्या पायाची काढली. वाडग्यात ठेवली. घोट्याकडून पाणी सोडलं. जाईना. जांघेकडून सोडलं. गेलं.

सवयीने ती जिथे नळी बांधायची, तिथे बांधली असती तर धाकट्या सरांनी न विचारता तशीच बसवली असती. कुणाला कधी कळलं नसतं. बंद होताना झडपा आवाज करत नाहीत.

तिने नळी दुसऱ्या टोकात बांधली. नस स्वतः मधोमध कापली; तिसऱ्या वाहिनीला छातीतलीच धमनी लागणार होती. दुसऱ्या तुकड्याच्या वरच्या टोकाला क्लिप लावली.

"नळी आणि क्लिप, दोन्ही वर," ती म्हणाली. "पाणी सोडून बघा. दोन वेळा बघा."

"उलटी-सुलटी आहे का काही?"

"मी सांगते तशी लावा."

दोन वेळा बघितलं. गेलं. तीन तासांनी मोठ्या सरांचं हृदय पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं, एखाद्या पंचविशीतल्या माणसासारखं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई अतिदक्षता विभागात गेली. पायाची तपासणी पायवालीच करते. खोलीत ऊन आलेलं, उशाशी फुलं, संचालकांचं शुभेच्छापत्र. सर उशीला टेकून दही खात होते.

"ये, ये. अगं, तुझा हात म्हणजे काय! पायाला कळलंसुद्धा नाही."

"कागद आणलाय, सर." तिने घडी उलगडून टेबलावर ठेवला, त्यावर पेन.

सरांनी कागदाकडे पाहिलं. मग चमचा नीट पुसला.

"हे बघ ताई. तेव्हा मी घाबरलेलो होतो. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो. ते धरून चालायचं नसतं."

तिने पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"तुला वर परत घेतो. आजच फोन करतो. पण झालेल्या अहवालाला हात नको. संस्थेचं नाव आहे. आणि तो लिफ्टवाला काय, परत येणार आहे थोडाच?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग? समजूतदार आहेस तू. म्हणून तर." त्यांनी पाय जरा हलवला. "हा डावा तेवढा बघ. घोट्याशी काहीतरी ठकठक करतंय काल संध्याकाळपासून."

तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवला. पांघरूण बाजूला केलं. गुडघ्याशी पट्टी कोरडी होती. घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नस होती आणि आता नाही, तिथे तिने दोन बोटं ठेवली. तिथे नाडी लागत नाही. कुणालाच लागत नाही.

लागली.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. एक्केचाळीस. डोक्याशी मॉनिटरवर सरांचे ठोके दिसत होते, बहात्तर, हिरवे, नियमित. तिने पुन्हा मोजलं. अडतीस.

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

तिसऱ्यांदा मोजताना तिला जाणवलं, की दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललंय. कुणीतरी खालून जिना चढत यावं आणि दर मजल्यावर थोडं जास्त थांबावं, तसं. चौतीस. मॉनिटरवर बहात्तरच. मग बहात्तरचे सत्तर झाले. अडुसष्ट.

सर चमच्याने वाटीचा तळ खरवडत होते.

ताईने पांघरूण नीट ओढून दिलं, कडा गादीखाली खोचल्या. पायथ्याशी अडकवलेला तक्ता घेतला, आणि तपासणीच्या रकान्यात नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोन्ही पाय ठीक. खाली वेळ घातली, सही केली, आणि आवाज होऊ नये म्हणून दार धरून लोटून घेतलं.